विंडोज 10 चा आधार गेला. कियोस्कवाल्यांनी हिशेब कसा मांडायचा?

भोपाळ (शिवाजी नगर) : 6 नंबर स्टॉपच्या भागात फॉर्म भरून देणारे, टायपिंगवाले आणि रिटर्न भरणारे यांच्या धंद्याला गिऱ्हाइकाची कमी नाही. वल्लभ भवन, सतपुडा भवन हाकेच्या अंतरावर, सभोवती सरकारी क्वार्टर्स. बैतूल, छिंदवाडा, बुऱ्हाणपूरकडून सरकारी कामाला आलेला मराठी माणूसही समग्र आयडीचं काम अशाच कियोस्कवर उरकतो. आपल्याकडच्या आपले सरकार सेवा केंद्राचाच हा भाऊ.

या धंद्यात विंडोज 10 वर चालणारे जुने संगणक भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा मोफत आधार थांबवला. संगणक बंद पडला नाही, म्हणून दुकानदार निवांत आहे. पण नवी भगदाडं बुजवणारे सुरक्षा अपडेट थांबले, आणि याच मशीनवर दिवसभर लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुक स्कॅन होतात. मे 2017 मधल्या वॉनाक्रायने जगभर फायली ओलीस धरल्या. त्या भगदाडाचा अपडेट दोन महिने आधीच आला होता, तो न घेतलेली मशीनं सापडली.

मग सरळ विंडोज 11 का टाकत नाहीत? अस्सल विंडोज 10 वरून ते फुकट मिळतं. अडचण मशीनची आहे. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2017 च्या आधीचा संगणक जवळपास बाद. रॅम कागदावर 4 जीबी चालते, पण टॅली आणि ब्राउझर सोबत उघडले की 8 शिवाय जीव रमत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकटचं ॲप आधी चालवून बघा. काही मशीनमध्ये टीपीएम असतं, नुसतं बायोसमध्ये बंद असतं. ते चालू केलं की काम भागतं, नव्या डब्याचा खर्च वाचतो.

बाद मशीनवर ‘जुगाडाने टाकून देतो’ म्हणणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. असं बसवलेलं चालतं, पण त्याला पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. वर क्रॅक मारलेली प्रत असेल तर चोराच्याच हाती किल्ली दिली म्हणायची.

आता पैशांचं बघू. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर 30 डॉलर. विंडोज 10 ची 22एच2 आवृत्ती मात्र हवी. व्यवसायाचा दर वेगळा : पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. डॉलर 88 रुपये धरला तर पहिलं वर्ष 5,368 रुपये, आणि तिन्ही वर्षांचे 427 डॉलर म्हणजे 37,576. एवढ्यात नवा संगणक येतो! उलट 30 हजारांना घेतलेल्या मशीनची किंमत आयकराच्या 40 टक्के घसाऱ्याने सात वर्षांत वहीत 840 रुपये उरते. वहीत मेलेल्या वस्तूवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पैसे ओतणं मला तरी पटत नाही. पहिलं वर्ष मात्र वेळ विकत घेण्यासारखं आहे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान असलेल्यांचं मशीन घरगुती की धंद्याचं, हा तिढा आहेच.

टायपिंगवाल्यांचं दुखणं निराळं. इकडे कृतिदेव, तिकडे श्रीलिपी, वर्षानुवर्षांचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये. जुन्यावरच नवं विंडोज चढवलं तर फायली आणि फॉन्ट राहतात. फॉरमॅट मारला तर आधी फॉन्टच्या फायली पेनड्राइव्हवर घ्याव्या लागतात, नाहीतर अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा किचाट दिसतो. श्रीलिपीची जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर उघडते का, हेही आधी बघायला हवं. डिजिटल सही करणाऱ्यांनी टोकनचं ड्रायव्हर तपासावं आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात या कामाला हातच लावू नये.

पुढे काय होईल याचा अंदाज विंडोज 7 वरून येतो. त्याचा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला, तरी मशीनं चालली. 2023 च्या सुरुवातीला क्रोमने त्याला नवी आवृत्ती देणं थांबवलं. विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टने आपला एज ब्राउझर किमान ऑक्टोबर 2028 पर्यंत चालू ठेवायचं कबूल केलंय. त्यामुळे पोर्टल उघडत राहतील, आणि गिऱ्हाइकाला काउंटरच्या अलीकडून काहीच फरक कळणार नाही. आधार कार्ड पुढे सरकवताना ‘हा संगणक अपडेट होतो का?’ एवढं विचारायला तरी पैसे पडत नाहीत.