आधी निदान, मग औषध

ज्यांचा चरितार्थ मालमोटारीवर चालतो, त्यांनी स्टार्टर अडताच नवा घेण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, तेव्हापासून तत्त्व एकच आहे: लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत गुंतून इंजिन फिरविते. आता ते चाक सोलेनॉइड पुढे ढकलतो. नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, तर प्रथम बॅटरी व तिची गंजलेली टोके तपासावीत. स्टार्टर फिरतो पण इंजिन स्वस्थ, तर त्याचा क्लच घसरतो किंवा चाक पुढेच सरकत नाही. खरखराट झाल्यास दाते झिजले असावेत. तेव्हा किल्ली फिरवीत राहू नये. फ्लायव्हीलचे दातेरी कडे बिघडले, तर गिअरबॉक्स उतरविण्याचा खर्च अंगावर येतो. नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यास आपण घरी बोलावीत नाही. मोटारीस तरी तो का आणावा?