गेंड्याची वंशावळ

निगरगट्ट मनुष्याची कातडी गेंड्याची असते असें आपण म्हणतों. शब्दांच्या जन्मकथा सांगणारांची कातडीही कधीं कधीं त्याच प्रतीची असते, असें म्हणण्याचा प्रसंग खुद्द 'गेंडा' या शब्दानेंच आम्हांवर आणिला आहे. गेंडा हा संस्कृत 'गण्डक' याचा अपभ्रंश. गण्ड म्हणजे गांठ, आणि त्याच्या अंगावर गांठी असतात म्हणून तो गण्डक. त्याचें दुसरें नांव 'खड्ग', कारण त्याचें शिंग तरवारीसारखें असतें. ही कथा इतक्या निःशंकपणें सांगितली जाते कीं, तीस कोणी हरकत घ्यावी हेंच कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही ती घेतों.

प्रथम खड्गाचा विचार करूं. अमरकोशांत गण्डक, खड्ग व खड्गिन् हीं तिन्ही नांवें आहेत हें खरें. परंतु कोशाच्या पुष्कळ पूर्वीं, वाजसनेयि संहितेंतील अश्वमेधाच्या पशूंच्या यादींत खड्ग येतो तो प्राणी म्हणून. मैत्रायणी संहितेंतही तसाच. तरवारीस वेदांतला शब्द 'असि'. तरवार या अर्थाचा खड्ग दिसूं लागतो तो त्यानंतरच्या, महाभारतासारख्या ग्रंथांत. तेव्हां प्राण्यास तरवारीचें नांव मिळालें असें म्हणणें म्हणजे नातू आजोबांच्या बारशास जेवला असें म्हणण्यासारखें आहे. शिवाय वाजसनेयि संहितेच्या पाठांत हाच शब्द कोठें कोठें 'खङ्ग' असाही आढळतो. घरच्या, धातुसिद्ध शब्दाची अशी ओढाताण सहसा होत नाहीं; ती होते कानास परक्या वाटणाऱ्या नांवाची.

बरें, शिंग तरवारीसारखें असतें हें तरी खरें काय? आपल्या एकशिंगी गेंड्याचें शिंग आंखूड व बोथट, बहुधा वीतभर. तेंही हाडाचें नव्हे, केंस व नखें ज्या द्रव्याचीं बनतात त्याचें. आणि मौज अशी कीं, हें जनावर झुंजतांना मुख्यतः खालच्या जबड्यांतील तीक्ष्ण दांतांनीं जखमा करितें. काझीरंग्याच्या गवतांत ज्यांनीं तें जवळून पाहिलें असेल त्यांस तरवारीची आठवण व्हावयाची नाहीं.

आतां गण्डक. कण्टकाचा मराठींत कांटा झाला, दण्डाचा दांडा झाला. त्याच नियमानें गण्डकाचें काय व्हावयास हवें तें सुज्ञ वाचकांनीं मनांतच म्हणून पाहावें. गेंडा मात्र होत नाहीं. शय्येची शेज झाली हा दाखला पुढें करण्यांत येतो. परंतु तेथें यकाराचा आधार आहे, गण्डकांत तो कोठून आणावयाचा? आणि हा एकार एकट्या मराठीचा नव्हे. गुजरातींत व सिंधींत गेंडो, हिंदींत गैंडा. उलट ओडियांत गण्डा. टर्नर यांनीं आपल्या कोशांत, जो १९६६ सालीं ग्रंथरूपानें पुरा झाला, एवढ्याचसाठीं गण्डाशेजारीं एक निराळें मूळरूप कल्पिलें, आणि गण्ड व खड्ग हे दोन्ही शब्द बहुधा एकाच आर्येतर मुळाचे असें सांगितलें. कायपर यांनीं १९४८ मध्येंच तें मूळ मुंडा भाषांकडे नेलें होतें. मुंडा मूळ सर्वांस मान्य आहे असें नाहीं. पण आमच्या कथेकऱ्यांनीं या ग्रंथांस उत्तर दिलें नाहीं, ते उघडलेलेच दिसत नाहींत.

१५१५ सालीं गुजरातच्या सुलतानानें दिलेला गेंडा गोव्याहून लिस्बनला गेला तेव्हां पोर्तुगीजांनीं त्यास 'गंडा' म्हटलें. म्हणजे गंड हें रूप पश्चिमेसही होतें, असा आक्षेप येईल. होतेंच. एकाच मुलुखांत गंडा व गेंडा अशीं दोन रूपें शेजारीं शेजारीं नांदतात, यावरून तर तीं मायलेकरें नसून भावंडें वाटूं लागतात.

पंडितांची खरी करामत पाहावयाची असेल तर संस्कृत कोशांतील 'गणोत्साह' हें या प्राण्याचें नांव पाहावें. गणांत, समूहांत, ज्यास उत्साह तो! ज्याच्या एकटेपणाची ख्याति एवढी कीं, सुत्तनिपातांतील खग्गविसाणसुत्त भिक्षूस त्याच्यासारखें (किंवा, दुसऱ्या मतानें, त्याच्या एकट्या शिंगासारखें) एकाकी हिंडावयास सांगतें, त्यास हें नांव! परका ध्वनि कानीं आला, त्यास ओळखीच्या शब्दांचा सदरा चढविला, आणि सदरा अंगास बसतो कीं नाहीं हें पाहण्यासही कोणी थांबलें नाहीं. गांठीची व तरवारीची कथा याच शिंप्याकडची आहे.

आमचा रोष संस्कृतावर नाहीं. आमच्या बोलींतील शब्द संस्कृतांत सांपडला म्हणजे तो तेथेंच जन्मला, आणि न सांपडला तर तो हलक्या कुळांतला, ही जी समजूत मुलांच्या मनांत पेरली जाते तिच्यावर आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गेंडा हुबेहूब कोरलेला आहे. प्रवरेच्या कांठीं दायमाबादला १९७४ सालीं सांपडलेल्या कांस्यमूर्तींत हत्ती व रेडा यांच्याबरोबर चाकांवरचा गेंडाही आहे. ज्यांच्या हातांस या जनावराच्या कातडीच्या घड्या ठाऊक होत्या, त्यांच्या तोंडीं त्याचें नांव नव्हतें आणि तें अमरसिंहानें पुरविलें, असें मानावयाचें काय?

आमची मागणी मोठी नाहीं. पुढील आवृत्तींत गेंडा या शब्दापुढें 'सं. गण्डक' असें छापावयाचें त्या ठिकाणीं 'बहुधा देश्य, सं. गण्डक ताडून पाहावा' असें छापावें, आणि तरवारीची गोष्ट गाळावी. जागा उलट थोडी वांचेल.