९४ गुणांचा मुलगा नापास होतो तेव्हा

दहावीच्या निकालाच्या दिवशी दोन माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, या गुणांना काही अर्थ नसतो. आमचा मामा काठावर पास झाला आणि आज कारखाना चालवतो. मामाचं कौतुक मलाही आहे, पण एका मामावरून नियम निघत नाही. अकरावी विज्ञानाला शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहते: ज्याची वर्गसमीकरणं दहावीत पक्की झाली, तो पुढे सहसा अडत नाही. "नामांकित कॉलेजात सगळेच पंच्याण्णवच्या वरचे, तरी बारावीत मागेपुढे होतातच ना?" होणारच. कटऑफने चाळून घेतलेल्या त्या वर्गात दहावीच्या गुणांत फरकच उरलेला नसतो. मग पुढचा फरक ते कुठून सांगणार?

दुसऱ्याचा दावा अधिक घातक: टक्केवारी म्हणजेच कुवत. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० वर आला. वर्षभरात पोरं ढ झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. शिवाय 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळे सहांपैकी सर्वांत कच्चा विषय टक्केवारीतून गळतो. तो गणित असला, तर विज्ञान शाखेला नेमकं जे कळायला हवं तेच झाकलं जातं. अशा बेरजेच्या दशांशावर मुलांची रांग लावणं हा अन्याय आहे.

मराठी माध्यमातून आलेला, विज्ञानात ९४ गुण मिळवलेला एक मुलगा पहिल्याच घटक चाचणीत नापास झाला. पेपर समोर ठेवून विचारलं, सुरुवातीचा वेग शून्य का नाही घेतलास? प्रश्नात 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' होतं. त्याने 'रेस्ट' म्हणजे विश्रांती धरली होती. मी 'विराम अवस्था' म्हणताच त्याने तिथेच, पेपराच्या समासात, उदाहरण सोडवलं. ते ९४ गुण खोटे नव्हते. मराठीत मिळवलेले होते.

म्हणून गुणपत्रिका जरूर वाचा, पण विषयवार वाचा, आणि मूल कोणत्या भाषेत शिकलं हेही विचारा. अकरावीचे पहिले दोन आठवडे नव्या संज्ञांना आणि दहावीच्या बीजगणिताला द्या. आमच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्वरण, संवेग, विराम अवस्था हे शब्द इंग्रजी संज्ञांशेजारी लिहिलेले असतात. तेवढा कोपरा पुसायचा नाही, हे शिपाईकाकांनाही सांगून ठेवलंय.