एमएफआय जुळला, पुढे?

फिल्मसाठी प्लॅस्टिकचा दाणा घेताना आपण दोन आकडे विचारतो, भाव आणि एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स). भाव आपल्या हातात नाही. एमएफआयवर मात्र आपण गरजेपेक्षा जास्त विसंबतो.

दाण्याची गोष्ट सुरू होते क्रॅकरपासून, म्हणजे इथिलीन बनवणाऱ्या भट्टीपासून. नागोठण्याचा क्रॅकर उरणहून येणाऱ्या इथेन-प्रोपेनवर उभा राहिला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला नोसिलचा जुना क्रॅकर नाफ्थ्यावर चाले. दोन्हींत कच्चा माल वाफेसोबत ८०० अंश सेल्सिअसच्या वर, सेकंदाच्याही अंशभर तापवायचं आणि झटकन थंड करायचं. इथेनमधून मुख्यत्वे इथिलीनच निघतं, नाफ्थ्यातून जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी प्रोपिलीन, ब्युटाडाईन, बेंझिन वगैरे. क्रॅकरच्या अर्थकारणात हा फरक मोठा आहे, आपल्या हॉपरपाशी नाही. शुद्ध केलेलं इथिलीन सगळीकडचं सारखंच. दाण्याचा स्वभाव ठरतो तो पुढच्या रिॲक्टरमध्ये.

१९३३ मध्ये ब्रिटिश कंपनी आयसीआयच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली पॉलिथिलीन पहिल्यांदा हाती लागलं, तेही अपघातानेच. आजही या जातीचं पॉलिथिलीन, म्हणजे एलडीपीई, हजार ते तीन हजार वातावरण दाबाखाली बनतं आणि त्याच्या साखळ्यांना लांब फांद्या फुटतात. १९५३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ झीग्लरच्या उत्प्रेरकाने कमी दाबात सरळ साखळ्या जोडून दाखवल्या. त्याच वाटेने पुढे ब्युटीन किंवा हेक्झीन हा कोमोनोमर मिसळून आखूड फांद्यांचं एलएलडीपीई आलं.

आता एमएफआय. १९० अंश सेल्सिअस, २.१६ किलोचं वजन, दहा मिनिटांत किती ग्रॅम वितळलेला माल गळला, एवढंच तो सांगतो. ही चाचणी अगदी संथ. स्क्रू आणि डायमध्ये मालाला याच्या कितीतरी पट जोराने घुसळलं जातं. त्या जोराखाली लांब फांद्यांचं एलडीपीई पातळ होतं, एलएलडीपीई बरंचसं घट्टच राहतं. म्हणून एमएफआय दोन्हींचा १ असला, तरी एलडीपीईसाठी बनवलेल्या जुन्या मशीनवर एलएलडीपीई टाकलं की मोटरचे ॲम्पिअर चढतात, डायचा दाब वाढतो आणि फिल्म खरखरीत निघते. मग ऑपरेटर तापमान वाढवतो. खरखर कमी होते, पण आधीच नरम असलेला बबल आणखी डुलू लागतो आणि जाडी बिघडते. दोष दाण्याला दिला जातो!

खरा उपाय डायच्या फटीत आहे. एलडीपीईला साधारण एक मिलिमीटर पुरते, एलएलडीपीईला दीड-दोन तरी हवी. डाय बदलणं परवडत नसेल तर प्रोसेसिंग एडचा मास्टरबॅच वापरा. बबल सावरायला २० ते ३० टक्के एलडीपीई मिसळता येतं. मात्र जास्त झालं तर ज्या मजबुतीसाठी एलएलडीपीई घेतलं, तीच घटते.

पुढच्या खरेदीआधी पुरवठादाराकडून एमएफआयसोबत घनता, कोमोनोमर आणि २१.६ किलो वजनाखालचा, म्हणजे जास्त जोराखालचा, प्रवाहाचा आकडाही मागा. हे सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या स्वस्त भावावर भुलू नका.