हस्त नक्षत्रावरचा वैद्य

शके १८४०, आश्विन वद्य त्रयोदशी, शुक्रवार. इंग्रजी दिनांक १ नोव्हेंबर १९१८. त्या वर्षीच्या दिवाळीवर इन्फ्लुएंझाच्या साथीची गडद छाया होती. मुंबईने नुकतेच मृत्यूचे थैमान पाहिले होते. तरीही महाराष्ट्रात त्या सायंकाळी घरोघरी धने-गुळाचा नैवेद्य झाला असेल, दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लागले असतील आणि वैद्यमंडळींनी धन्वंतरीचे पूजन केले असेल. नेमक्या त्याच दिवशी दूर पॅरिसमध्ये एक मूल जन्मास आले. महायुद्ध संपण्यास दहा दिवस अवकाश होता. भूल देण्याचे औषध उपलब्ध नव्हते. प्रसूती अतिशय कष्टाची झाली आणि आईला अक्षरशः धरून ठेवावे लागले, असे त्या मुलाने पुढे स्वतःच सांगितले. हे मूल म्हणजे डॉ. फ्रेडरिक लबोये. सौम्य, अहिंसक प्रसूतीचा आग्रह धरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील प्रसूतिगृहांना अंतर्मुख करणारा हा प्रसूतितज्ज्ञ.

धन्वंतरीच्या तिथीला जन्मलेला हा फ्रेंच वैद्य पुढे भारताकडे ओढला गेला, म्हणून त्याचे पंचांग उघडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. लग्नकुंडलीच्या खोलात मी शिरत नाही. सूर्य, चंद्र, गुरू आणि शुक्र एवढे चौघे पुरेसे आहेत. त्या दिवशी चंद्र कन्या राशीत आणि दिवसाचा बहुतेक भाग हस्त नक्षत्रात होता. हस्त म्हणजे हात. स्वामी चंद्र, देवता सविता. कुशल हातांचे, कारागिरीचे, शुश्रूषेचे हे नक्षत्र. रवी तूळ राशीत म्हणजे नीचेचा, नक्षत्र स्वाती आणि स्वातीची देवता वायू. त्याच तुळेत शुक्र स्वगृही बसून रवीला सोबत करतो आहे. तो अस्तंगत आहे हे खरे, तथापि राशिस्वामीच सोबतीला असल्याने नीचत्वाचा भंग झाला असे जुन्या परंपरेचा ज्योतिषी म्हणेल. चंद्रापासून दशमात मिथुनेचा गुरू, म्हणजे गजकेसरी योग. मात्र चंद्र क्षीण आहे, अमावास्या दोन दिवसांवर आलेली. चंद्र मातृकारक. आईच्या वेदनेची नोंद आकाशाने अशी केली म्हणावे, तर तसे म्हणता येते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आयुष्य आधी ठाऊक असले की कुंडलीत सारे काही सापडते. त्याच दिवशी, त्याच हस्त नक्षत्रावर पॅरिसमध्ये आणखी कितीतरी मुले जन्मली असतील. त्यातली बहुतेक दुकानदार, कारकून, शिपाई झाली असतील. तेव्हा वरील परिच्छेद सिद्धता म्हणून कोणी वाचू नये. ते चिंतन आहे. चिंतनाचा उपयोग एवढाच की आपण एखाद्या आयुष्याकडे थोडे थांबून पाहतो.

आणि लबोये यांच्या आयुष्याकडे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. भीतीमुळे ताण, ताणामुळे वेदना, हे त्यांचे सूत्र. फ्रान्समध्ये फर्नांड लमाझ यांनी १९५१ साली रशियात पाहिलेली पद्धत आणून श्वासाच्या शिक्षणाला महत्त्व दिले. या दोघांचे लक्ष मातेकडे होते. लबोये यांनी विचारले, बाळाचे काय? पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात अधिकारपदावर काम केलेल्या, आयुष्यात सुमारे दहा हजार प्रसूती केलेल्या या डॉक्टराने १९७४ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. नावाचा मराठी अर्थ, ‘हिंसेविना जन्म’. नऊ महिने अंधारात, उबेत आणि मंद आवाजात राहिलेल्या जिवाला आपण प्रखर दिव्यांखाली ओढतो, पाय धरून उलटे टांगतो, पाठीवर चापट मारून रडवतो आणि त्याच्या रडण्यावर आपण हसतो. हे स्वागत की शिक्षा? त्यांचे उपाय अगदी साधे होते. खोलीत उजेड मंद ठेवा. बोलू नका. बाळाला प्रथम आईच्या पोटावर ठेवा. नाळेतील स्पंदन थांबेपर्यंत ती कापू नका, कारण तोवर बाळाला दोन्हीकडून प्राणवायू मिळत असतो आणि श्वास घाईने शिकावा लागत नाही. मग कोमट पाण्यात अलगद धरा. रवी वायूच्या नक्षत्रात असलेल्या माणसाचा सारा भर पहिल्या श्वासावर असावा, याचे आम्हा पंचांगवाल्यांना कौतुक वाटणारच.

समव्यवसायी मंडळींनी त्यांची थट्टा केली, टीकाही केली. लबोये यांनी वैद्यकीय व्यवसायच सोडला. स्त्रीचळवळीतील काहींनी विचारले की या पुस्तकात आई कुठे आहे, आणि तो प्रश्न गैरवाजवी नव्हता. १९८० साली कॅनडातील संशोधकांनी या पद्धतीची शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. बाळांच्या प्रकृतीत व वर्तनात विशेष फरक आढळला नाही, पण मंद उजेड व शांततेमुळे धोकाही वाढला नाही. म्हणजे चमत्कार घडला नाही. मात्र नाळ घाईने कापू नये ही गोष्ट पुढे वैद्यकाने स्वतंत्रपणे मान्य केली. आज जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस करते, कारण तेवढ्या वेळात बाळाकडे जाणाऱ्या रक्ताने पुढे त्याची पंडुरोगापासून राखण होते. बाळाला जन्मताच आईच्या उघड्या अंगाशी ठेवणे ही तर आता चांगल्या प्रसूतिगृहाची खूण मानली जाते.

भारताशी त्यांचे नाते वरवरचे नव्हते. बंगालमधील स्वामी प्रज्ञानपाद यांचे ते शिष्य. भारतात ते वारंवार येत राहिले. कोलकात्यात त्यांना शांतला नावाची एक गरीब आई दिसली. उन्हात जमिनीवर पाय लांब करून बसलेली, पायांवर बाळ आणि हाताला तेल. तिचे हात बाळाच्या छातीवरून, पोटावरून, पाठीवरून ज्या लयीने फिरत होते ते पाहून हा पॅरिसचा डॉक्टर थक्क झाला. १९७६ साली त्यांनी तिच्याच नावाने पुस्तक काढले. आज फ्रान्समध्ये आणि ब्राझीलमध्ये बाळाच्या तेलमालिशीलाच ‘शांतला’ म्हणतात. हस्त नक्षत्रावर जन्मलेल्या माणसाचे सर्वांत टिकाऊ कार्य हातांविषयीचे ठरावे! पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपरंपरेवर आधारलेले गर्भवतींसाठीचे त्यांचे पुस्तकही त्यानंतरचे. २५ मे २०१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वयाच्या ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शांतलेचे हात आपल्या आजीच्या हातांहून वेगळे नव्हते. पाटावर बसून, पाय पसरून, खोबरेल लावून न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाई कालपरवापर्यंत प्रत्येक आळीत होत्या. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. आता तीच मालिश परदेशी नावाने शुल्क आकारून शहरांत शिकवली जाते. असो.

परंतु जुने ते सारे सोने, असा सूर येथे लावायचा नाही. चरकाने सूतिकागाराचे सविस्तर वर्णन केले आहे हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच चरकाने नवजात बाळाला शुद्धीवर आणण्यासाठी कानाजवळ दगडावर दगड आपटण्यास सांगितले आहे. लबोये यांनी ते वाचले असते तर कान झाकून घेतले असते. उलट जातकर्मात पिता बाळाच्या उजव्या कानाशी ओठ नेऊन वाणीचे नाव तीनदा हळूच उच्चारतो, आणि हा विधी नाळ कापण्यापूर्वीचा आहे. दोन्ही गोष्टी आपल्याच. आणि आनंदीबाई जोशींचे स्मरण येथे टाळता येत नाही. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि योग्य उपचारांअभावी दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली वैद्यकीय पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परंपरेवर प्रेम आणि परंपरेतील उणिवांची जाण, दोन्ही एकाच स्त्रीच्या ठायी होत्या. २००१ ते २००३ या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७वर आला. यात रुग्णालयातील प्रसूतीचा, वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेचा वाटा मोठा आहे आणि तो कृतज्ञतेने मान्य केला पाहिजे.

मग हे सारे लिहिण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आपल्या घरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. म्हणजे आपण मध्यमवर्गीय जेथे जातो तेथे जवळजवळ प्रत्येक दुसरे बाळ शस्त्रक्रियेने जन्मते. याचा दोष डॉक्टरांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. परंतु या आकड्यात एक भाग आपला आहे, आणि मला सांगताना संकोच वाटतो, तो आम्हा पंचांगवाल्यांचाही आहे. मुहूर्त पाहून पोट कापून घेण्याची प्रथा सुशिक्षित घरांत राजरोस सुरू झाली आहे.

ज्योतिषशास्त्राची थोडी तरी बूज असेल त्याने याला नकार दिला पाहिजे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात प्रसूतीच्या खोलीवर एक पूर्ण अध्याय आहे. कुंडलीवरून खोलीतला दिवा कसा होता, त्यात तेल किती होते, वात कशी होती, जवळ किती स्त्रिया होत्या, पिता घरी होता की परगावी, हे ज्योतिषाने ओळखायचे. तेलाचा दिवा आणि चार बायाबापड्या, हे त्या अध्यायातील सूतिकागृह. लबोये यांना ते परके वाटले नसते. पण महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तेथे ज्योतिषी घडलेल्या जन्माचा अर्थ लावतो, जन्माला हुकूम देत नाही. विवाहाला मुहूर्त आहे, उपनयनाला आहे, गृहप्रवेशाला आहे, कारण ती माणसाने ठरवून करायची कर्मे. जन्म हे फलित आहे. पूर्वकर्मानुसार जीव आपली वेळ घेऊन येतो असे मानणाऱ्यांनी ती वेळ सुरीने बदलायची आणि मग बदललेल्या वेळेवरून भविष्य वाचायचे, यात श्रद्धा कुठे राहिली? हा तर परीक्षेचा पेपर फोडून पहिला येण्याचा प्रकार झाला.

आणि शरीराचे गणित पंचांगापुढे झुकत नाही. एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी कारण नसता ठरवून शस्त्रक्रिया केली, तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो हे वैद्यकाने वारंवार दाखवून दिले आहे. उलट जेथे शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे, बाळाचे ठोके मंदावत आहेत, आईला रक्तस्राव होतो आहे, तेथे राहुकाळ संपण्याची वाट पाहणाऱ्याला मी गुन्हेगारच म्हणेन.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परिचयातील एक गृहस्थ सुनेचे कागद घेऊन माझ्याकडे आले. पहिलटकरीण, सारे सुरळीत. अपेक्षित तारखेच्या आसपास मूळ नक्षत्र येत होते, त्यामुळे घरात धास्ती. त्याआधी सुमारे दीड आठवड्यावर गुरुपुष्य होता. डॉक्टर तयार आहेत, आपण फक्त तास-मिनिट काढून द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे. मी नाही म्हटले. मूळ नक्षत्रावर जन्मलेली किती कर्ती माणसे मला ठाऊक आहेत ते सांगितले, आठवड्यांचे गणित सांगितले, आणि शांत करायचीच असेल तर बाळ आल्यावर शांती करता येते, हेही सांगितले. त्यांनी चहा घेतला, नमस्कार केला आणि दुसऱ्या कोणाकडून मुहूर्त काढून घेतला.

दोन महिन्यांनी ते पेढे आणि पत्रिका घेऊन आले. मुलगा. गुरू उत्तम, चंद्र पुष्यात, लग्नही नेमके साधलेले. मी पत्रिका चाळत असताना ते सहज म्हणाले की बाळाला श्वास नीट घेता येत नव्हता, म्हणून पहिले पाच दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते, आता ठीक आहे. जन्मवेळ त्यांनी सेकंदासह लिहून आणली होती. आईने त्याला प्रथम हातात कधी घेतले, असे मी विचारले. ते बाहेर बसलेल्या सुनेकडे पाहू लागले.