कोठार कोणाच्या दारीं?

करमाळ्याचा इतिहास म्हटला कीं रावरंभा निंबाळकर व कमलाभवानीचें मंदिर. झालें, इतिहास संपला! मग नांगर धरणारा कोठून आला? कोणी मुखांतून व कोणी पायांतून जन्मला, हें पुराण ज्यांस पुरतें त्यांनीं तें खुशाल उराशीं धरावें. मोरोक्कोंतील जेबेल इर्हूद येथील मानवाचीं हाडें सुमारें ३ लाख वर्षांचीं असल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें. त्यांवर जातीची खूण कोणास दिसली नाहीं!

पण इतकें दूर कशास? उजनीच्या फुगवट्यांत घोडनदीचेंही पाणी येतें. त्याच नदीकांठीं, शिरूर तालुक्यांतील इनामगांवीं, १९६८ पासून डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. साडेतीन हजार वर्षांपूर्वीं तेथें शेतकरी नांदत होते. सातू पिकवीत, पाट खणीत. पुढें पाऊस उणावला. ऐसपैस चौकोनी घरें जाऊन गोल झोपड्या आल्या, लोक शेळ्यामेंढ्यांमागें लागले, आणि इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें.

१९८० सालीं झालेल्या उजनी धरणानें आमच्या तालुक्यांतील गांवें उठलीं. कांठीं ऊंस डोलूं लागला. माळावरचीं गांवें पाऊस हुकला कीं टँकरची वाट पाहतात. उद्यांचा मानव चंद्रावर वस्ती करील, असें शहाणे सांगतात. करो बापडा! आम्ही मास्तरांस इतकेंच विनवितों कीं, पोरांस इनामगांव शिकवा. तेथील धान्याचें कोठार मुख्याच्या पांच खोल्यांच्या घराशेजारींच होतें, हेंही सांगा. आणि मग उजनीचें पाणी कोणाच्या शेतांत जातें, तें त्यांस स्वतः पाहूं द्या.