कोपीतला प्रेक्षक कोण मोजणार?

यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण, म्हणजे प्रो कबड्डीतली ‘महाराष्ट्र डर्बी’. मॅच संपली की टीआरपी येतो आणि महाराष्ट्राने काय पाहिलं ते ठरतं. कुठल्या महाराष्ट्राने?

2020 च्या आसपास देशात टीव्ही असलेली घरं होती 21 कोटी, बार्कचे मीटर साधारण 44 हजार घरांत. नमुना लहान असेना, शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण शीत त्याच पातेल्यातलं हवं ना!

2024 चा हंगाम 18 ऑक्टोबर ते 29 डिसेंबर चालला. याच दिवसांत सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघतात. घराला कुलूप, टीव्ही बंद. रात्री कोपीत एका मोबाईलवर पाच डोकी वाकून रेड बघतात. टीव्हीच्या मीटरसाठी ही पाच माणसं जन्मालाच आली नाहीत.

हा नुसता मानाचा प्रश्न नाही. जाहिरातीचा पैसा याच आकड्यामागे धावतो आणि खेळ कुणासाठी दाखवायचा, हे पैसा ठरवतो. ज्यांच्या मातीत कबड्डी वाढली तेच हिशोबाबाहेर.

आकडा खुशाल छापा. फक्त त्याला ‘महाराष्ट्र’ म्हणू नका.